अनवाणी

औरंगाबाद, ता. ४-२-१९५७

ती. आईस, भानुमतीचा शि. सा. न.

वि. वि. श्रीधरदादा काल लाडू देऊन गेला. त्याच्याकडूनच कळलं की तुझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडलाय, सूज घोट्यापर्यंत चढलीय आणि तू भिंत धरून चालतेस. पत्रात तू यातलं काहीच लिहीत नाहीस.

मी परीक्षेत पहिली येईपर्यंत तू पायात काही घालणार नाहीस, हा तुझा नवस इथं कुणाला ठाऊक नाही. प्रोफेसर म्हणतात, मुलगी जात्याच हुशार. मी हुशार नाही गं, घाबरट आहे. प्रश्नपत्रिका हातात आली की तुझे पाय दिसतात. चाचणीत त्याच विचारात येत असलेलं उत्तर राहून गेलं. चप्पल घाल ना.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी भानू

सोयगाव, ता. ९-२-१९५७

चि. भानुमतीस अनेक आशीर्वाद.

श्रीधरच्या पोटात काही राहत नाही. हळद-तेल लावते आहे. पेपर हातानं लिहायचा असतो, माझ्या पायानं नाही. देवीला दिलेला शब्द मोडला आणि तिनं तुझ्यावर राग धरला तर, याचीच मला भीती वाटते. पुन्हा हा विषय नको.

तब्येतीला जप, आमची आठवण ठेव.
तुझी आई

औरंगाबाद, ता. १६-२-१९५७

ती. आईस सा. न.

शहागंजच्या बाजारातून चपलांचे दोन जोड घेतले. एक दादाबरोबर पाठवते. माझा पेटीत ठेवलाय. सोमवारपासून कॉलेजला अनवाणी जाते. बुधवारी काच घुसली. तू चप्पल घालेपर्यंत मीही घालणार नाही, परीक्षेलासुद्धा. मीही देवीलाच सांगितलंय.

राग आला तरी लोभ सोडू नकोस.
भानू

सोयगाव, ता. २१-२-१९५७

चि. भानूस आशीर्वाद.

काचेचं वाचलं आणि लगेच तू पाठवलेला जोड काढला. चप्पल घातली आहे. अंगठ्याला लागते. देवीपुढं बसून सांगितलं की रागवायचं तर माझ्यावर रागव. भीती काही गेलेली नाही.

पोरगी इतकी पुढं कशी गेली, असं गावात विचारतात. आजोबांवर गेली, असं मी आजवर सांगत आले. तुझं पत्र वाचलं आणि कळलं, तुझ्यातला हा हट्ट माझाच आहे. त्याचीच आता जास्त धास्ती वाटते.

काच नीट निघाली का ते लगेच कळव. परीक्षेला चप्पल घालून जा. तू दुसरी आलीस तरी मी आता काढणार नाही.

तुझी आई