लिंबाआडची डिश

आप्पा, तुमचा लिंब तोडावा लागला नाही. हे आधी सांगते, कारण गेल्या उन्हाळ्यात ते जवळजवळ ठरलंच होतं. आता जिवाला स्वस्थता आहे, म्हणून लिहायला बसले.

झालं असं की आईचे गुडघे गेले. दारापर्यंत येते, पुढे नाही. मी तलवाड्याला शाळेत शिकवते, ती तिकडे सिरसाळ्याजवळ गावात एकटी, आणि दुपार तिला खायला उठायची. म्हणून फाल्गुनात टीव्ही घेतला आणि सिरसाळ्याचा डिशवाला बोलावला. त्याने आपल्या स्लॅबवर दक्षिणेकडे तोंड करून डिश बसवली, आणि चित्र इतकं स्वच्छ आलं की आईने कीर्तनकाराच्या फेट्यावरचा डागसुद्धा मला दाखवला. थोड्याच दिवसांत तिचा आवाज बदलला. फोनवर गुडघ्यांऐवजी मालिकेतल्या सासूची गाऱ्हाणी सांगू लागली. मला हसू यायचं आणि बरंही वाटायचं. पण फाल्गुनात लिंबाची पानं झडलेली असतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि आम्ही म्हणे जन्म त्याच्याखाली काढलेली माणसं! पाडव्याला त्याचाच कोवळा पाला गुळाबरोबर खाल्ला, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. पालवी दाट होत गेली तसे कीर्तनकाराचे तुकडे पडू लागले, आणि मग पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी तेवढी उरली.

डिशवाला परत आला. एका अंगाला शेजाऱ्यांचा दुमजली स्लॅब, समोर लिंब. आपल्या छतावर दुसरी जागाच नव्हती. फांद्या छाटून भागणार नाही, त्या पुन्हा फुटतील, झाडच काढा, असं सांगून तो चहा पिऊन गेला. मी आईला म्हटलं, आप्पांनी लावलेलं झाड कसं तोडायचं? तर ती माझ्यावरच उखडली.

"लावला त्येंनी. पाणी कुणी घातलं? तोडायचा का ठिवायचा, मी ठरवीन."

आणि आप्पा, मला तो दुष्काळ जसाच्या तसा आठवला. गल्लीपलीकडे आपल्या दारासमोर दूध संस्थेची खोली, तुम्ही तिचे सचिव. दूध घालायला आलेल्या बाया उन्हात ताटकळतात, म्हणून तुम्ही लिंब लावलेला. तिकडे खडक, म्हणून आपल्या दारात. टँकरच्या पाण्यावर गाव जगतंय, आणि दुधाचे कॅन विसळलेलं पांढुरकं पाणी आई बादलीने उचलून गल्ली ओलांडून आणतेय. मी मधेच त्यातलं तांब्याभर घेऊन पायावर ओतते. तुम्ही हातातलं माप खाली ठेवता. "ते पाणी संस्थेचं हाय. लिंबाखाली समदं गाव उभं ऱ्हाईल. तुझ्या पायाखाली कोण ऱ्हाईल?" बाया हसतात, मी रडते. पुढे सगळं गाव त्याला आप्पांचा लिंब म्हणू लागला. मीही म्हणायची. ती बादली कुणाच्या हातात होती, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं, पण त्याचा विचार कधी केला नव्हता.

आईने ठरवलं ते असं, की झाड राहील आणि टीव्ही बघायचा नाही. जुन्या लुगड्याचा तुकडा त्यावर टाकला. शाळेला सुट्टी होती म्हणून मी तिच्याजवळ राहिले, पण सुट्टी संपल्यावर हिचं काय, या विचाराने मला अन्न गोड लागेना. ती मात्र त्या दुपारी भिंतीला टेकून तुमच्याविषयी बोलायची. तुम्ही गेल्यापासून इतकं कधी बोलली नव्हती. एकदा म्हणाली, "लई कावायचे. संस्थेवर दिवसभर ऊन, दूध नासतंय, लिंबाची सावली तिकडं काय जात न्हाई, हेच रोजचं रडगाणं."

मी उठून दारात गेले. संस्थेची खोली लिंबाच्या दक्षिणेला आहे. तिच्या छतावरून दक्षिणेला दिसणाऱ्या आभाळात लिंबाचं पानसुद्धा आडवं येत नाही. तुम्ही ज्याला शिव्या देत होता, ते उघडं आभाळ तिथंच होतं. मी पळतच संस्थेच्या चेअरमनकडे गेले. दूधसंकलन बंद पडलंय, खोलीत पेंडीची पोती असतात. ते म्हणाले, आप्पांच्या घरचं काम आहे, विचारायचं काय त्यात. फक्त क्रिकेट असलं की मी तुमच्याकडे बसायला येईन, असंही म्हणाले. दुसऱ्या दिवशी डिश त्या छतावर गेली, वायर गल्लीवरून लिंबाच्या फांदीला बांधून घरात आली. चित्र लागलं तेव्हा आई लुगड्याच्या तुकड्याने पडदा पुसत बसली. मी मागच्या अंगणात जाऊन मनसोक्त रडून घेतलं.

आता लिंब आहे, टीव्ही आहे, फोनवर सासूचं पुराणही आहे. तुमचं नाव मात्र पुन्हा निघेनासं झालं. म्हणून परवा गेले तेव्हा ती अंघोळीला गेली असताना मी टीव्हीमागची वायर थोडी सैल केली. ती येऊन बसली, पाटी बघितली, बाहेर निरभ्र आभाळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "असू दे. काय इचारायचं ते इचार." संध्याकाळपर्यंत आम्ही तुमच्याविषयीच बोललो. निघताना वायर पुन्हा घट्ट केली. हा कागद पाठवायचा तरी कुठे? त्या दिवशी तिने जे जे सांगितलं, ते मी इथे लिहिलेलं नाही. ते माझ्याजवळच ठेवलंय.