शिटी कंपनी

रत्नागिरी,
श्रावणातला दुसरा गुरुवार

प्रिय अक्षू,

शाळेच्या पत्त्यावर माझं पत्र बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. कोणी गेलेलं नाही, कोणाचं लग्न मोडलेलं नाही, आणि तुझ्या माहेरच्या पडवीवर माडही पडलेला नाही. घरी न पाठवता शाळेत का पाठवलं ते शेवटी सांगते. तू शेवटचं पान आधी वाचणाऱ्यांतली आहेस हे मला पक्कं ठाऊक आहे, तर यावेळी तेवढं करू नकोस, माझी शपथ आहे. आणि स्टाफरूममध्येही वाचू नकोस, तिथल्या बाया खांद्यावरून डोकावतील. वर्गाला फुलाची आकृती काढायला लाव आणि खिडकीपाशी बसून सावकाश वाच.

आधी बातमी. अगं, मी काल फुगडी घातली! मी, नमूने! अर्धीमुर्धी नाही, पुरी फुगडी, देवळाच्या सभामंडपात, सगळ्या वाडीच्या बायकांसमोर, आणि तीही तुळसाकाकूंबरोबर. गौरीसाठीची तालीम सुरू झाली आहे ना, मी नेहमीसारखी टाळ्या वाजवायला आणि गाणं उचलायला म्हणून गेले होते. काकूंची जोडीदारीण आली नव्हती, म्हणून त्यांनी सहज माझ्यापुढे हात केले. चेष्टेनेच केले असणार, कारण मी फुगडी घालत नाही हे आपल्या वाडीत कुत्र्यामांजरांनासुद्धा माहीत आहे. मी हात धरले. मग काय विचारतेस! त्या सोडेनात आणि मी थांबेना. पदर सुटला, केसांचा आकडा कुठे उडाला तो अजून सापडलेला नाही, आणि शेवटी काकूच मट्कन खाली बसल्या. मी उभी! धापा टाकत होते, पण फुगडी घातल्यावर कोणीही टाकेल तशाच. छातीवर हात ठेवून मी कान देऊन ऐकत राहिले, आत दम्याची शिटी वाजतेय का म्हणून. वाजत नव्हती. बायकांना वाटलं हिला काहीतरी झालं, कोणी पाणी आणायला धावली, आणि मी आपली एकटीच खो खो हसतेय. काकू खालूनच म्हणाल्या, ‘काय गो, भूत लागला काय तुला?’

हे सगळं तुला फोनवर सांगायला मी काल रात्रीच हातात मोबाइल घेतला होता. पण मग रविवारचं तुझं बोलणं आठवलं आणि ठेवून दिला. तू म्हणालीस, यंदा गणपतीला येत नाही, पाखाडीच्या पायऱ्या चढवत नाहीत, धूप-उदबत्ती सोसत नाही, आणि माझ्या छातीला कुठलंच औषध लागू पडत नाही, काहींचं असतंच तसं. इतक्या शांतपणे म्हणालीस की मला भीती वाटली, अक्षू. रडली असतीस, चिडली असतीस तर बरं वाटलं असतं. मार्चमध्ये तुला दवाखान्यात ठेवून ऑक्सिजन लावला होता, ते तू मला सांगितलंच नव्हतंस. भावोजींच्या बोलण्यातून एकदा निसटलं म्हणून कळलं. त्या दिवसापासून फोन वाजला आणि त्यावर तुझं नाव नसून भावोजींचं असलं की मी आधी देवाचं नाव घेते आणि मगच उचलते.

तुला आठवतं, पीटीच्या तासाला आपण दोघी जांभ्याच्या पायरीवर बसायचो? बाकीच्या मुली लंगडी खेळायच्या आणि आपण त्यांच्या चपला राखायचो. पीटीच्या सरांनी आपल्याला ‘शिटी कंपनी’ नाव ठेवलं होतं, आणि आपल्याला त्याचा राग यायच्या ऐवजी केवढा अभिमान वाटायचा! माझी शिटी बारीक, तुझी जरा घोगरी. आंब्याला मोहोर आला की दोघींच्या एकदमच सुरू व्हायच्या. आणि ते आपले लाल औषधवाले डॉक्टर! त्यांच्या बाकावर आपल्या दोघींच्या आया शेजारी शेजारी, आणि मध्ये आपण. धूळ टाळा, थंड टाळा, आंबट टाळा. तुझी आई एकदा म्हणाली होती, ‘डॉक्टर, धूळ टाळायची तर रत्नागिरीच सोडायला व्हयी.’ आणि मग अडुळशाचा काढा, मग कोणी सांगितलं म्हणून गाढविणीचं दूध! ते तू प्यायलीस, मी मागच्या परड्यात ओतलं आणि प्याले म्हणून सांगितलं, हे आज पहिल्यांदा कळतंय तुला. फार चिडू नकोस.

आणि ती फुगडी. पाचवीत असताना, गौरीपुढे, मोठ्या बायका प्रसाद वाटण्यात गुंतल्या होत्या तेव्हा आपण गुपचूप हात धरले होते. दोनचार गिरक्या झाल्या असतील नसतील, तुझे ओठ निळे पडले. मला वाटलं तू मरतेस. माझी स्वतःची छाती वाजत होती आणि मी ओरडायला जातेय तर आवाजच निघेना. त्यानंतर दोघींना फुगडीला कायमची बंदी. मी पुढे पंचेचाळिशी गाठेपर्यंत ती पाळली, कारण प्रत्येक वेळी कोणी हात पुढे केले की तुझे ते ओठ आठवायचे.

तर आता मुद्द्याचं ऐक. मागच्या दिवाळीत मला फारच त्रास व्हायला लागला, म्हणून शहरातल्या एका गर्दीच्या दवाखान्यात गेले. त्या डॉक्टरांनी छाती तपासली, भराभर लिहून दिलं, पुढचा पेशंट आत. औषधाच्या दुकानात कॅप्सूलची एक बाटली मिळाली आणि बरोबर प्लॅस्टिकची एक शिटीसारखी वस्तू. सकाळ-संध्याकाळ एकेक, एवढं दुकानदाराने सांगितलं. घरी आल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘पंप नाय ना दिलान?’ तो तोंडात मारायचा पंप म्हणजे शेवटचं औषध, एकदा लागला की जन्मभर सुटत नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. मी म्हटलं, नाही हो आई, साध्या कॅप्सूल आहेत. त्यांना हायसं वाटलं, मलाही वाटलं. त्या प्लॅस्टिकच्या वस्तूचं काय करायचं ते कळेना. नवऱ्याला विचारावं तर सुजय म्हणाला, कंपनीने फुकट दिली असेल, जाहिरातीची. मग मी ती शोकेसमध्ये ठेवली, गणपतीपुळ्याहून आणलेल्या शिंपल्यांच्या गलबताशेजारी. आई दर शनिवारी ती फडक्याने पुसायच्या.

आणि मी सकाळ-संध्याकाळ कॅप्सूल घेत होते, न चुकता, कोमट पाण्याबरोबर. काडीचा फरक नाही. बाटल्यांवर बाटल्या संपल्या. एप्रिलपासून आंब्याच्या पेट्या भरायला बसले, तर त्या पेंढ्याच्या धुळीने जीव नकोसा झाला. एका पेटीवर झाकण ठोकता ठोकता मी खाली बसले ती उठेना. सुजयने हापूस तसाच उघडा टाकून मला गाडीत घातलं आणि नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सानवी नाव तिचं, आपल्या लेकींपेक्षा फार तर आठदहा वर्षांनी मोठी. मला वाटलं, ही पोर काय सांगणार मला? माझ्या दम्याचं वय हिच्यापेक्षा जास्त!

तिने आधी वाफेचा मास्क लावून मला माणसात आणलं. मग खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, काकी, औषध कसं घेता ते मला करून दाखवा. मी म्हटलं, त्यात काय दाखवायचं? पण पोर हट्टाला पेटली. मग मी पिशवीतून बाटली काढली आणि सिस्टरकडे पाणी मागितलं. ती पाण्याचा पेला घेऊन आली, मी मान मागे टाकून कॅप्सूल गिळली, पदराने तोंड पुसलं आणि डॉक्टरणीकडे बघितलं. अगदी ऐटीत, पेपर आधी संपवलेल्या मुलीसारखी. डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. सिस्टर भिंतीकडे बघायला लागली. मग डॉक्टरीण अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘काकी, याच्याबरोबर एक प्लॅस्टिकचं काहीतरी मिळालं होतं का?’

अक्षू, ती कॅप्सूल गिळायची नसते! त्या शिटीतच घालायची असते. मग ती शिटी फिरवायची, आत खट् होतं, कॅप्सूल उघडते. बाहेर सगळा श्वास सोडायचा, शिटी तोंडात धरायची आणि जोरात आत ओढायचं. कॅप्सूलमधली पूड फुप्फुसात जायला हवी, आणि मी सहा महिने तिला पोटात पाठवत होते! पोटाला कुठे दमा झालाय? मला आधी एवढी लाज वाटली की भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि मग सुजय म्हणाला, ‘आणि आमच्या आई ती दर शनवारी पुसतायत!’ झालं. मी हसायला लागले, मास्कची खूण तोंडावर तशीच आणि मी हसतेय, मग डॉक्टरीण हसली, सिस्टर तर बाहेरच पळाली. पण नंतर डॉक्टरीण गंभीर झाली. म्हणाली, यात तुमची चूक नाही, आम्ही दाखवून द्यायला हवं, आणि तुम्ही पहिल्या नाही. तिच्याकडे असे लोक कायम येतात. एक बँकेचे साहेब होते म्हणे, एक वकीलबाई होत्या. प्रत्येकाला वाटतं, असला वेडेपणा जगात आपण एकट्यानेच केला.

मग तिने नवी शिटी काढून मला तिथेच घ्यायला लावली. पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदा बाहेरच फुंकली, तिसऱ्यांदा जमलं. जिभेवर किंचित गोडसर लागतं. मग श्वास कोंडून धरायचा, आणि नंतर खळखळून चूळ भरायची, हे विसरायचं नाही. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायचं नाही, हेही तिने दोनदा बजावलं. परत येताना मी सुजयला मिरकरवाडा बंदरावर गाडी थांबवायला लावली आणि सुरमई घेतली. अंगात उत्साह तर असा संचारला होता की मीच भाव केला.

लगेच जादू झाली नाही हं, ते खरं सांगते. पण पंधरावीस दिवसांनी एक मजा झाली. आपली पाखाडी चढताना मी तुळसाकाकूंच्या दारात थांबते ना? जणू त्यांची चौकशी करायला म्हणून, पण खरं तर दम घ्यायला. इतकी वर्षं त्यांनाही ते ठाऊक होतं, त्या चहा टाकूनच ठेवायच्या. त्या दिवशी मी डोक्यात काहीतरी विचार करत थेट वर घरी पोचले. थांबायचं विसरलेच! संध्याकाळी काकू दारात हजर. ‘काय गो, माज्यावर रागावलीस काय? चाय केलेली, तशीच निवली.’ मी त्यांना मिठी मारून रडले. त्यांना वाटलं सुजयशी भांडण झालं.

आता शेवटचं पान. रविवारी तू फोनवर म्हणालीस ना, की औषधात माझी हयगय नाही, रोज रात्री दुधाबरोबर कॅप्सूल घेतेच घेते? मी एकदम गप्प झाले, आठवतं? तुला वाटलं रेंज गेली. रेंज नव्हती गेली, अक्षू. फोन स्पीकरवर होता, तुझ्या सासूबाई, भावोजी सगळे ऐकत होते, आणि तू त्यांच्या घरातली सायन्सची टीचर आहेस. त्यांच्यासमोर मला ते बोलवेना. मग मी नंतर शमिकाला फोन करून, इकडचं तिकडचं बोलून, सहज विचारलं, की आईच्या औषधाबरोबर प्लॅस्टिकची शिटी मिळाली होती का गं? तुझी लेक म्हणाली, हो मावशी, ती आईच्या पेनांच्या डब्यात आहे. तिला मी बाकी काही सांगितलेलं नाही. सुजयलाही नाही. आता हे फक्त तुला आणि मला माहीत आहे, म्हणूनच पत्र घरी न पाठवता शाळेत. म्हणजे तुझी छाती औषधाला दाद देत नाही हे खोटं आहे गं! तिच्यापर्यंत औषध अजून पोचलेलंच नाही! हे कळल्यापासून मला काही सुचत नाहीये, कालची फुगडी मी त्याच आनंदात घातली. आज शाळा सुटली की घरी जायच्या आधी तुझ्या डॉक्टरांकडे जा, शिटी त्यांच्यापुढे ठेव आणि म्हण, मला दाखवा. लाज वाटली तर म्हण, रत्नागिरीच्या माझ्या एका वेड्या मैत्रिणीने विचारायला सांगितलंय. गणपतीला अजून अवकाश आहे. मी तुळसाकाकूंना सांगून टाकलंय की यंदा गौरीपुढे मला दुसरी जोडीदारीण आहे. पाचवीतली अर्धी राहिलेली पुरी करायची आहे. पाखाडी सावकाश चढ, वाटेत काकूंकडे चहा घे. आणि डॉक्टरांनी कॅप्सूल हातात दिली की, बाई गं, पाणी मागू नकोस.

तुझीच, कंपनीतली बारीक आवाजाची,
नमू