एक बोट सैल

प्रिय बारक्या,

शर्टाचं माप मिळालं. उत्तर नाही म्हणजे ताई रुसली, असं तू घरात जाहीर केलं असशील. रुसले नाही. आधी माझी खबर ऐक. गेल्या महिन्यात माझ्या दंडावर बोराएवढी गाठ हाताला लागली. तडक गेले डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी ती दोन बोटांत धरून सरकवली, दाबली, सोनोग्राफी करून घेतली आणि चरबीची गाठ आहे म्हणाल्या. कातडीखाली चरबी गोळा होते, मऊ लागते, बोटाखाली सुळकन सरकते, सहसा दुखत नाही, सावकाश वाढते. कर्करोग नव्हे. त्रास दिला तर काढू, नाहीतर राहू दे बापडी. माझ्या जिवात जीव आला, आणि तरी बाहेरच्या बाकावर बसून मी खूप रडले.

बाबांच्या गाठी आठवतात ना? पाठीवर, दंडावर, कमरेशी. ते त्यांना भाडेकरू म्हणायचे, आणि तू दंडावरची घंटीसारखी दाबून पळायचास. त्या डॉक्टरांनी कधीच बघून ठेवल्या होत्या, त्यामुळे घोर नव्हता. आई त्यांचे शर्ट तेवढ्या जागी एक बोट सैल कापायची आणि जगाला पत्ता लागू द्यायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपल्या घरात गाठ ही घाबरायची गोष्ट नव्हतीच, शिवणातली अडचण होती. म्हणून तिच्या खांद्यामागे गाठ आली तेव्हाही ती एवढंच म्हणाली, "तुझ्या बाबांचे भाडेकरू आता माझ्याकडे आले. संसारात सगळंच वाटून घ्यावं लागतं." आपण सगळेच हसलो. तिची गाठ मऊ आहे का, सरकते का, हे कुणाला विचारायचं सुचलंच नाही. आणि ती अंथरुणाला खिळली तेव्हा विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शिवणखोलीतला कपडे बेतायचा पुतळा अजून खिडकीपाशीच आहे, आईच्या मापाचा. बाबा तो हलवू देत नाहीत. खोलीत येताना त्याच्याकडे बघून खाकरतात, ती असताना खाकरायचे तसंच. मी पाठ करून मशीनवर बसले की कुणीतरी माझी शिवण तपासतंय असं मानेला जाणवतं, आणि टीप वाकडी गेली तर मी आपोआप उसवते. डॉक्टरीणबाईंकडून आले त्या दिवशी मी त्याच्या खांद्यामागे हात फिरवला. तिथे कापूस भरून वर कापड टाचलेलं होतं. उसवलं, तर खाली आणखी एक थर, त्याच्याखाली आणखी. एक पिवळ्या दोऱ्याने टाचलेला, एक काळ्या, एक हिरव्या. त्या त्या दिवशी मशीनवर जो असेल तो. म्हणजे गाठ वाढतेय हे आईला ठाऊक होतं रे. दर वेळी तिने माप घेतलं, पुतळ्यावर चढवलं आणि ब्लाउज सैल केला. सगळ्यात वरचा, शेवटचा थर तर इतका ठासून भरलेला की त्यात सुई शिरेना. मापात ती कधी चुकली नाही. मी सगळं होतं तसं परत टाचून ठेवलं. बाबांना सांगायचा धीर होत नाही. पण आता मी खोलीत कुठेही बसले तरी तो खांदा माझ्याकडे वळलेला वाटतो.

आणि त्यावर तुझं माप आलं. छाती, गळा, बाही, आणि सगळ्यात खाली सहज आठवल्यासारखं, 'डावा खांदा मागून एक बोट सैल ठेव.' तुझीही माझ्यासारखीच असेल. बहुतेकांची तशीच असते, डॉक्टरीणबाईच म्हणाल्या. पण घरच्या घरी ओळखता येते का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मला गप्प केलं. "हात लावून बघितल्याशिवाय मी सांगत नाही, तुम्ही कशाच्या जोरावर सांगणार?" टणक असेल, जागची हलत नसेल, भराभर वाढत असेल किंवा दुखत असेल तर उद्याच जा. यातलं काही नसेल तरी या आठवड्यात जा. तुझं निळं कापड टेबलावर पसरलंय, खडूच्या रेघाही मारून झाल्यात. डॉक्टरांनी बघितलं की मला फोन कर, मग म्हणशील तेवढा सैल कापते. त्याआधी नाही. आपल्या घरात एक शर्ट न शिवता राहिला तरी चालेल.

कात्री खाली ठेवून बसलेली,
तुझीच
ताई