इलारिओंचा जबडा

२ ऑक्टोबर, ला पाझ

आले एकदाची! ओरुरोहून बस रडतखडत पोचली, पण खोली झकास मिळाली. खिडकीतून इयिमानी शिखराचा बर्फ दिसतो, आणि खाली सुकवलेल्या बटाट्यांचं सूप रटरटत असतं. मालकीण दोन्या एल्विरा तोंडाच्या तिखट, मनाने लोणी. दिवाणखान्याच्या कोनाड्यात त्यांचे इलारिओ आहेत. डोक्यावर लोकरी टोपी, डोळ्यांच्या खोबणीत कापूस, समोर ताजी फुलं. आमच्या आजीकडेही अशी घर राखणारी कवटी होती, म्हणून मी आल्याआल्या नमस्कार करून कोकाची पानं वाहिली. इलारिओंना खालचा जबडा नाही. दोन्या एल्विरा म्हणाल्या, "बरंच आहे पोरी! माझ्या नवऱ्याला होता, तर दिवसभर नुसती टकळी!"

६ ऑक्टोबर

दंतवैद्यकाची तोंडी परीक्षा तेवीस तारखेला आहे. नापास झाले तर शिष्यवृत्ती गेली, मग आहेच आईबरोबर खानावळीत भांडी घासणं. आज इबान्येस सरांनी 'क्रेनिओमँडिब्युलर' शब्दाचा अर्थ विचारला. मी टेचात सांगितलं, कवटी आणि खालचा जबडा यांच्या जोडणीविषयीचा. सर म्हणाले, अर्थ बरोबर, पण शब्द जपून वापर. दोन्ही हाडं एकाच माणसाची असतील तरच ती जोडणी. एरवी ती एका खोक्यातली दोन हाडं.

११ ऑक्टोबर

प्रयोगशाळेच्या मोडीत एक जबडा सापडला. घासूनपुसून स्प्रिंग लावून इलारिओंना बसवला. जरा वाकडा आहे, पण शोभतो. दोन्या एल्विरा रडल्याच. इलारिओंच्या दातांत सिगारेट देऊन म्हणाल्या, आता कसे माणसात आलात! मी काय फुशारले म्हणता!

१५ ऑक्टोबर

वाहिलेली पानं सकाळी चावलेली निघाली. मी उंदीर म्हटलं, तर दोन्या एल्विरा चिडल्या. इलारिओ त्यांच्या स्वप्नात येऊन कुरकुरतात म्हणे. परक्याचा जबडा खुपतो. जिने ही ब्याद गळ्यात घातली, तिने आता आपला द्यावा. मी हसले. हसताना कानाजवळ कट्ट झालं.

१८ ऑक्टोबर

सरांनी तपासलं, सांधा ठणठणीत आहे म्हणाले. तरी तोंड दोन बोटंही उघडत नाही. घाबरून तो जबडा काढायला गेले. स्प्रिंग निघाली, जबडा निघेना. आता वाकडाही नाही. डाव्या दाढेत चांदी भरलेली— अगदी माझ्या दाढेसारखी. जिभेने चाचपलं. माझी दाढ— तिथे नुसती हिरडी.

२१ ऑक्टोबर

खालचे दात सगळे गेले. रक्त नाही. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं. दोन्या एल्विरांना लिहून दाखवलं, मला सोडवा. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, वेडी पोर, एवढं काय, किती गोड बोलायला लागलेत आता—

२२ ऑक्टोबर

उद्या परीक्षा. आवाज फुटत नाही. हनुवटी हाताला लागत नाही, मऊ— नको, लिहवत नाही.

दुपार. फोन दिवाणखान्यात राहिला. वाजतोय. आईच असणार. दोन्या एल्विरांनी उचलला, कोनाड्याशी धरला—

माझा आवाज. हो आई, झाली तयारी. हो गं, जेवते नीट—

आई हसतेय. तिला कळत कसं नाही—

तो आवाज म्हणतोय, परीक्षा झाली की घरीच येते— आई, दार उघडू नकोस, ती मी ना—