खाला, मी परत गप्प बसले

खैरूनखाला,

त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं तेव्हा माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. कापराचं कोमट पाणी. तुझ्या उजव्या खांद्यापर्यंत नेलेला हात मी मागे घेतला.

"तुमी नोका देऊ बाई," गुस्ल द्यायला बोलावलेली बाई म्हणाली. "मयताची आंघोळ आमच्यातल्या बायाच घालतात." तिनं आवाज चढवला नाही. तांब्या माझ्याकडून घेतला, इतकंच. शबाना तुझ्या पायाशी उभी होती. तुझी मुलगी, माझ्याच वयाची. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. मी पडद्याबाहेर आले.

दुपारच्या नमाजनंतर तुला नेलं. बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून मीही दारातूनच पाहिलं. आता संध्याकाळ आहे. समोरच्या आमच्या घराचं कुलूप काढून आईच्या टेबलाशी बसले आहे. तुला एक शब्द दिला होता. तो आज मोडला. हे कोणाला सांगू? तुझ्यामाझ्याशिवाय कोणाला ठाऊक आहे?

या मुसलमान गल्लीत आमचं एकच ख्रिस्ती घर. आई दवाखान्यात नर्स, भाडं कमी म्हणून अकोल्यात आल्यावर इथे राहिली. मला सांगायची, "आपण इथं एकटे. आवाज करायचा नाही." खरं तर आम्हाला कोणी काही करत नव्हतं. तरी नाताळची चांदणी ती खिडकीच्या आत लावायची. गाणी पुटपुटल्यासारखी म्हणायची.

ती चांदणी तू एका वर्षी सरळ उचलून नेलीस आणि तुझ्या ओट्यावर टांगलीस! "घरात कोनी चांदणी लावते काय? आभाळात असते ना ते?" जाणाऱ्या कोणी तरी विचारलं, "खैरूनआपा, यंदा तुमच्या घरी नाताळ काय?" तू म्हणालीस, "हाव. शेवया खायाले ये." आई दार लावून आत रडत होती. तिला भीती वाटली होती की बरं वाटलं होतं, मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी चार ते पाच या वेळात गल्लीतल्या सगळ्या मुली अरबी शिकायला जात. तेवढा एक तास गल्ली रिकामी असे. मी एकटी. तू मला तांदूळ निवडायला बसवायचीस. ते आधीच निवडलेले असत, हे मला फार उशिरा कळलं.

एकदा शबाना शिकून आली आणि साधेपणानं म्हणाली, "मार्था, तू जन्नतमंदी नाई येशीन." तू लाटणं घेऊन उठलीस. "काहून वं? तिथल्या जागा वाटाचं काम अल्लानं तुले देल्लं काय?" आम्ही दोघी हसलो. रात्री मात्र मी आईला विचारलं, मग खाला तरी आपल्या स्वर्गात येईल ना? आई म्हणाली, हळू बोल.

आई गेली तो दिवस तुला आठवायचा का? मी तेव्हा अमरावतीला शिकवायला लागले होते. आमच्या चर्चच्या बायका तिकडून यायच्या होत्या आणि बस रस्त्यात बंद पडली होती. तू कोणाला विचारलं नाहीस. पाणी तापवलंस, कापूर घातलास, आईला उजवीकडून डावीकडे न्हाऊ घातलंस. मला तांब्या धरायला लावलास. तुमच्या रीतीप्रमाणे तिच्या केसांचे दोन भाग करून छातीवर सोडलेस. आई इतकी लहान दिसत होती!

मग आमच्या चर्चच्या पाळकबाई आल्या. "केस असे कोणी सोडले?" त्यांनी विचारलं. तू दारातच उभी होतीस. मी म्हणाले, "घाईत झालं." त्यांनी केस गोळा करून अंबाडा बांधला. एक शब्द बोलता आला असता मला. ह्यांनी न्हाऊ घातलं माझ्या आईला, एवढं तरी. नाही बोलले.

तू महिनाभर विषय काढला नाहीस. मग भाजी चिरताना एकदम म्हणालीस, "चूप काहून राह्यली वं त्या दिवशी?" तू विळी बाजूला सारलीस. "माह्या टायमाले मले तूच न्हाऊ घालजो. अन् तवा कोनी काई म्हनलं, त चूप नोको राहू." मी हो म्हणाले. तू माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलंस.

खाला, तू माझ्यावर फार भार टाकलास. तुला ठाऊक होतं मी कशी आहे. मग त्या बायांना, शबानाला तू स्वतः सांगून का नाही ठेवलंस? का मला एकदा तरी बोलायला लावायचं होतं?

त्या बाईवर माझा राग नाही. तिला तिची रीत सांभाळायची होती. पण "खालानं मला सांगितलंय" एवढे तीन शब्द होते. कदाचित तिनं ऐकलं असतं. कदाचित नसतं. ते आता कधीच कळणार नाही, आणि हेच मला सहन होत नाही. बाहेर उभी राहून मी पाणी ओतल्याचा आवाज ऐकत होते. तुझे केस कोणी सोडले, मला माहीत नाही.

उद्या शबानाला सांगेन. ती भडकली तरी सांगेन. मग अमरावतीला गेले की पाळकबाईंकडे जाईन. त्या आता फार थकल्या आहेत. माझ्या आईला शेवटचं पाणी कोणी घातलं, ते त्यांना तुझ्या नावानिशी सांगेन. तुझ्या अंगाला हात लावायचा राहिला तो राहिलाच. पण यापुढे तुझं नाव गिळणार नाही.

तुझी,
मार्था

ता. क. सकाळी डबा घेऊन समोर गेले. त्यांच्या घरी तीन दिवस स्वयंपाक होणार नाही. शबाना एकटीच होती. सगळं सांगितलं. तिनं डबा माझ्या हातातून घेऊन मांडीवर ठेवला.

मग म्हणाली, "अम्मीनं मले बी सांगतलं होतं. मार्थाच्याच हातानं, म्हने."

"मग काल?"

"एवढ्या बाया होत्या वं," शबाना म्हणाली. "मी बी चूपच राह्यली."