वामीले मी साप म्हणलं

पुनर्वसन वस्ती, पवनीजवळ
३ नोव्हेंबर २०२५

चि. दामिनी,

आशीर्वाद. इकडे सारे जिवंत आहेत. लवकर पिकणारा हलका धान कापून झाला, उशिराचा भारी अजून उभा आहे. तुझ्या बापाचा खोकला तसाच. औषध घेत नाही, वरून डॉक्टरले शिव्या देते. तू पाठवलेले सुके बोंबील भेटले. खारट आहेत. मासा मिठातच जन्मला तर त्याले तरी काय बोलावं. खाल्ले सगळ्यांनी, टाकले नाही.

मी तिसरी शिकली, तेही अर्धी. एक पान लिहायले मले अख्खी दुपार लागते. तरी लिहून राहिली, कारण फोन तुझ्या बापाच्या खिशात राहते अन् माझे हे लेक अंकुशराव तो स्पीकरवर लावूनच बोलतात. आपल्या घरची गोष्ट अर्ध्या वस्तीले ऐकू जाते.

परवा तू म्हणलीस, खाडीचं काम संपत आलं. दोन वर्षं जेटीवर बसून होडीतून उतरलेला मासा मोजला, नळी तोंडात धरून पाण्यात उतरली अन् तळाचे शिंपले, खेकडे मोजले. मग ते आकडे दहा वर्षांआधीच्या वहीतल्या आकड्यांसोबत ताडून पाहिले. फरक नाही म्हणतेस. मधात पाच वर्षं कारखान्याचा पाइप खाडीत पाणी सोडून राहिला, तरी खाडी होती तशीच. तसं तू सही करून देशील, म्हणजे दुसरा पाइप टाकायले कारखानेवाले मोकळे.

तू खुश होतीस. बाप तुझ्याहून खुश. "माही पोरगी खरा आकडा लिहिते, त्या योगेंद्र साहेबासारखी नाही," असं त्यानं चहाच्या टपरीवर दोनदा सांगतलं. मी भांडे घासायले उठली.

एकच विचारते. ते दहा वर्षांआधीचे आकडे आणले कुठून? तिथल्या तेव्हाच्या साहेबानं सोता मोजले, का कोणाले विचारून लिहिले? विचारले तर कोणाले? हे मले लिहून कळव. फोनवर सांगू नको. काहून विचारून राहिली, ते विचारू नको.

आजी


१२ नोव्हेंबर

दामिनी,

लिहून कळव म्हणलं होतं. तू फोनच केलास. एवढं शिकून एक कार्ड लिहिता येत नाही तुले.

अन् फोनवर काय बोललीस? "आजी, जेटीवर पार्वताबाई नावाची म्हातारी आहे. मासे विकते. तेव्हाचे साहेब रोज तिला विचारायचे, कोणता मासा आला, किती टोपल्या. ती सांगायची, ते लिहायचे."

मी म्हणलं, "अन् बुढी खोटं बोलली असंल तर?"

तू हसलीस. "त्या बायांना खोटं बोलून काय मिळणार? खोटं साहेब लोक लिहितात. विचार बाबांना."

बाप बाजूलेच बसला होता. लगेच पेटला. "बरोबर हाय! त्या योगेंद्रनंच आपली नदी कागदावर मारली. कोणी पैसा चारला असंल त्याले." तू तिकडून हो म्हणलीस. मग म्हणलीस, सही चोवीस तारखेले आहे.

चोवीसले बारा दिवस राहिले. म्हणून आता लिहिते, नीट वाच.

तुझ्या बापाची गोष्ट तुले पाठ आहे. धरणाचं पाणी चढलं, नदीचा तलाव झाला, पाणी हिरवं पडलं, मासा गेला. आपले ढिवर लोक कचेरीत गेले, आमचा मासा गेला म्हणाले. तिथल्या साहेबानं योगेंद्र साहेबाची जुनी वही उघडली अन् म्हणे, तुमच्या नदीत पहिलेपासूनच एवढाच मासा होता, गेला कुठे? अंकुशनं टेबल उलटा केला. घरी येऊन जाळं कोणाले तरी देऊन टाकलं अन् तुमसरले राईस मिलमध्ये पोते उचलायले गेला. तिथूनच हा खोकला आणला. तू तेव्हा बारा वर्षांची होतीस, म्हणलीस, मी मोठी होऊन खरी वही लिहीन. साऱ्या वस्तीनं ऐकलं ते.

ती वही लिहिली त्याले वीस वर्षं झाली, तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. योगेंद्र साहेब आठ दिवस घाटावर येऊन बसत होता. काडीसारखा माणूस, उन्हानं नाक सोललेलं. माझ्या हातचा भात खाये. त्याच्यापाशी नाव होती, जाळं होतं, पण नदी त्याले माहीत नव्हती. म्हणून तो मले विचारे, "मावशी, आज किती?"

ढिवराच्या घरी टोपलीतला मासा मोजत नाहीत. सासूनं मले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, आकडा तोंडातून निघाला की नदी ऐकते. कोणी विचारलंच तर पाच असले तर दोन म्हणायचं. मी त्याले दोन म्हणलं. आठही दिवस. बाकीच्या बायांनीही तेच केलं. त्यानं दोन लिहिलं.

म्हणजे वही खोटी त्याच्यानं नाही झाली. आमच्या रितीनं झाली.

तुझ्या त्या पार्वताबाईची रीत मले माहीत नाही. पण टोपली झाकणारी बाई मले माहीत आहे. दहा वर्षांआधी तिनं पाच असून दोन सांगतले असतील, अन् आज तू सोता मोजून दोन भरले असतील, तर तुले फरक दिसंलच कसा?

आजी


१३ नोव्हेंबर

दामिनी,

कालचं पत्र घेऊन पवनीच्या पोस्टापर्यंत गेली. ऑटोचे तीस रुपये दिले. पेटीपाशी उभी राहिली अन् वापस आली. त्यात रीत, रीत म्हणून सारं सासूच्या माथी मारलं होतं. ती मरून गेली, तिले काय फरक पडते.

म्हणून हे दुसरं लिहिते. दोन्ही एकाच पाकिटात टाकते.

योगेंद्र साहेबापाशी माशांच्या चित्राचं पुस्तक होतं. एकेक पान उलटून विचारे, हा येतो का, तो येतो का. मरळ म्हणलं येते, शिंगाडा म्हणलं येते, ते तर पोरंही सांगत होते. मग त्यानं वामीचं, त्या सापासारख्या लांब माशाचं, चित्र दाखवलं. मी म्हणलं, "साहेब, हा साप होय. मासा नाही." तो म्हणे, "पुस्तकात मासा लिहिलंय, मावशी." मी म्हणलं, "मग पुस्तकवाल्याले चावला नसंल." तो पोट धरून हसला अन् पान उलटलं. तेव्हा माझ्या टोपलीत पळसाच्या पानाखाली तीन वामी वळवळून राहिल्या होत्या.

हे रितीनं नाही केलं. रीत कमी सांग म्हणते, नाहीच म्हण असं म्हणत नाही.

जुन्या गावाच्या खाली खडकापाशी डोह होता. उन्हाळ्यात नदी आटली की सारा मासा तिथं जमा होई, आषाढात तिथून वर चढे. वाम तिथलीच. तो डोह तुझ्या आज्यानं, गोमाजीनं, धरला होता. बाकीचे ढिवर तिकडे जात नव्हते, कारण गोमाजीनं अन् मी सांगून ठेवलं होतं की तिथं बाई बुडाली, पाय ओढते. कोणी बुडाली नव्हती. योगेंद्र साहेबानं नाव तिकडे वळवली तेव्हा मी घाटावरून ओरडली, "साहेब, तिथं निरा गाळ हाय, जाळं फाटंल!" त्यानं मावशीचं ऐकलं. डोहात त्याचं जाळं कधी पडलंच नाही.

मले भीती नदीची नव्हती. वस्तीची होती. वहीत डोह आला असता तर उद्या साऱ्यांचे जाळे तिथं पडले असते. माझ्या घरचा मासा वाचवायले मी साऱ्यांची नदी कमी सांगतली. पुढं धरण भरलं अन् डोहही गेला. जे झाकलं ते माझ्याही हाती राहिलं नाही.

तेरा वर्षं तुझा बाप माझ्यासमोर त्या माणसाले लाचखाऊ म्हणून राहिला अन् मी त्याच्या ताटात भात वाढून राहिली. तू त्याच रागावर एवढी शिकली. कोणत्या तोंडानं सांगू, म्हणून नाही सांगतलं. अजूनही नसतं सांगतलं, पण तू त्याच वहीसारख्या वहीवर सही करायले निघाली.

आज सकाळी अंकुशले सांगतलं. तो जेवून राहिला होता. घास खाली ठेवला.

"वीस वर्षं, माय?"

मी म्हणलं, "हो."

"मी टेबल उलटा केला तेव्हा तू कचेरीच्या दारात उभी होतीस."

मी म्हणलं, "हो, होती."

तो उठून धान कापायले गेला. विळा घरीच राहिला. दुपार झाली, अजून वापस आला नाही. तो आला की काय म्हणते ते पाहीन. नाही बोलला तरी भाकर तर खाईल.

आता तुझं. चोवीसची सही थांबव. साहेब ओरडले तर ओरडू दे. पार्वताबाईकडे जा, वही न घेता जा. तिले किती मासा होता असं विचारू नको, ती पुन्हा दोन म्हणंल. तिच्यापाशी बसून मासे साफ कर अन् विचार, त्या साली वाटे कोणाकोणाच्या घरी गेले. वाटा म्हणजे एका घराच्या एका वेळच्या भाजीपुरता मासा, हे तुले सांगायची गरज नाही. आकडा बाई झाकते, वाटा झाकत नाही. कोणाले दिला हे तिले तोंडपाठ राहते, अन् कोणी परत दिला नाही हे तर ती मरेपर्यंत विसरत नाही. घरं मोज, मासा आपोआप मोजला जाईल. मग आज किती घरी वाटा जाते तेही विचार, अन् दोन्ही सोबत लिही.

माझे मी सांगते. योगेंद्र साहेबाच्या वहीत ज्या आठ दिवसांले रोज दोन टोपल्या लिहिल्या, त्या आठ दिवसांत माझ्या एकटीच्या घरून कधी सोळा, कधी एकवीस घरी वाटे गेले. नावं विचारशील तर सारी सांगते. मागच्या साली एकाही घरी गेला नाही.

योगेंद्र साहेब कुठे राहते ते शोध. तुमच्या खात्यातच कोणाले माहीत असंल. जिवंत असंल तर हे पत्र त्याले वाचायले दे. तुझ्या साहेबाले दाखवायचं असंल तर दाखव, नाव खोडू नको.

मले फोन करू नको. करशील तर शिव्या द्यायलेच कर, मी ऐकीन. पण पहिले जेटीवर जा.

हे सारं माझ्या हातानं लिहिलं, कोणी सांगून लिहिलं नाही, अन् खरं आहे.

गोदावरीबाई गोमाजी मेश्राम