ठोसा न लागणारे दोघे

वस्ताद,

तुमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात कपडे वाळत घालायची एक दोरी होती, बरोबर माझ्या हनुवटीच्या उंचीवर. तुम्ही तिला चुलीतला कोळसा फासायचात आणि मला तिच्या खालून डोकं काढायला लावायचात, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, गुडघ्यात वाकून, पुढं सरकत. सदऱ्याला काळं लागलं की सदरा मी तिथंच नळावर धुवायचा, हा तुमचा नियम. मी गिरणीत माग चालवणारा बावीस वर्षांचा गडी, पाळी सुटली की सायकल मारत तुमच्याकडे यायचो आणि अर्धा वेळ धुणंच धूत बसायचो. काकू भाकरी थापता थापता म्हणायच्या, "ती दोरी पुसून तरी ठेवा हो. माझ्या पातळाला पट्टे पडाय लागलेत." तुम्ही हसायचा नाहीत. मग ते पातळही मीच धुवायचो.

तुम्ही फौजेत बॉक्सिंग शिकलात आणि रेल्वेच्या लोकोशेडमध्ये इंजिनांचे फिटर म्हणून लागलात. संध्याकाळी तालमीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्हा सात-आठ जणांना शिकवायचात. तुमच्या उमेदीच्या काळात तुम्हाला कुणाचा ठोसा लागत नसे, असं रेल्वेतली जुनी माणसं शपथेवर सांगायची. तुमचं सगळं पायांत होतं. "मार जिथं यायचाय तितं आपण थांबायचंच न्हाय," एवढंच तुमचं शास्त्र. समोरच्यानं हात उचलायच्या आत तुम्ही अर्धं पाऊल बाजूला गेलेले असायचात, दोन्ही मुठी गालाशी लावून. मलाही ठोसा लागत नसे, पण माझी तऱ्हा उलटी. मी जागा सोडायचो नाही. हात कमरेपाशी, नुसता खांदा फिरवायचा, मान कलती करायची, ठोसा कानाजवळून निघून जायचा. तुम्हाला ते बघवत नसे. एकदा सगळ्यांसमोर तुम्ही मला थांबवलंत. "हात खाली सोडून उभारलाईस. देवळात आलाईस काय? तू वाचतोस ते नशिबानं वाचतोस. नशीब रोज कामाला येत न्हाय." ते शब्द कित्येक दिवस मनात ठणकत राहिले.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं असेल. गिरणीतले लोक म्हणायचे, आमचा गडी तुमच्या वस्तादापेक्षा सरस. रेल्वेतले म्हणायचे, गप बसा, वस्तादाची सावलीसुद्धा कुणाला सापडली नाही. चहाच्या टपरीवर हा वाद रोजचाच झाला. शेवटी तालमीच्या वार्षिक समारंभात आपल्या दोघांच्या तीन फेऱ्या ठेवायचं ठरलं. तुम्ही पन्नाशीला आलेले, मला वाटलं नकार द्याल. तुम्ही म्हणालात, "खेळू की. त्याला बी कळंल."

रविवारची सकाळ आहे. तालमीच्या अंगणात दोऱ्या बांधून चौकोन केलाय, भिंतीवरसुद्धा माणसं बसली आहेत. पहिली फेरी सुरू होते आणि संपते, आणि कुणाचाही हात कुणाला लागत नाही. तुम्ही माझ्या ठोशातून निसटता, मी तुमच्या. लोक आधी गप्प असतात, मग कंटाळतात. एक म्हातारा म्हणतो, "अरं, एकमेकाला शिवा तरी." सगळे हसतात. दुसऱ्या फेरीत मला एक गोष्ट खटकते. मी कुठंही गेलो तरी तुम्ही वळून मला तुमच्या उजव्या बाजूलाच घेता. मी मुद्दाम तुमच्या डावीकडे सरकतो आणि उजवा हात लांबून आणतो. इतका लांबून, की नवशिक्यानंही चुकवावा. तुम्ही हलत नाही. तुमचा डावा डोळा माझ्याकडेच आहे, पण त्यात माझा हात नाही. कानापासून वीतभर अंतरावर मी मूठ आवरतो. तिसरी फेरी मी तुमच्या उजव्या बाजूलाच राहून काढली. पंचांनी सामना बरोबरीत सोडवला आणि दोन्हीकडचे लोक आपलाच माणूस जिंकला असं धरून चालले.

नंतर हौदापाशी तुम्ही हाताच्या पट्ट्या सोडत होता. माझ्याकडे न बघता विचारलंत, "हात का आवरलास?"

"पोचला नाही, वस्ताद."

"खोटं बोलू नगंस."

मी म्हणालो, "तुम्हाला डाव्या डोळ्यानं दिसत नाही."

तुम्ही पट्टी गुंडाळत राहिलात. मग म्हणालात, "दोन वरसं झाली. धुकं हाय. लोकोशेडात कळलं तर घरी बसवतील. घरात बोलायचं न्हाय." मी मान हलवली. तुमच्यापुढं नाही म्हणायची माझी ताकद नव्हती.

चार दिवस मी ते पोटात ठेवलं. इंजिनाखाली शिरून काम करणारा माणूस, त्याला डावीकडून येणारं काहीच दिसत नाही, हे डोक्यातून जाईना. पाचव्या दिवशी तुम्ही कामावर असताना काकूंकडे गेलो आणि सांगून टाकलं. त्या पीठ मळत होत्या. हात तसेच ठेवून म्हणाल्या, "व्हय, म्हणून ताटात डावीकडं मीठ वाढलं तरी मागतात." मग त्यांनी हात धुतले आणि पुढचं सगळं त्यांनीच केलं. सिव्हिलमध्ये नेलं, डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू आहे, काढता येईल. तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसून होतो. पट्टी बांधून तुम्हाला नेताना काकूंनी मी आलोय असं सांगितलं, तर म्हणालात, "बसू दे."

नोकरी गेली नाही. तुम्हाला शेडमधून उचलून सामानाच्या कोठारात बसवलं. जाड भिंगाचा चष्मा आला आणि बॉक्सिंग कायमचं सुटलं. तुमचं माझ्याशी बोलणं सुरू झालं ते दिवाळीनंतर, माझी मिरजेच्या एका गड्याशी लढत होती तेव्हा. तुम्ही पहिल्या रांगेत चष्मा लावून बसला होता. लढत संपल्यावर मला बाजूला बोलावलंत आणि माझा डावा खांदा धरून वर उचललात, माझ्या हनुवटीला टेकवलात. "हे कवा शिकलास?"

"पहिल्यापासनं असंच करतो, वस्ताद."

"मला दिसलंच न्हाय कधी. मला वाटायचं नुसती मान हलवतोस. तू तर खांद्यानं दार लावून घेतोस की." मग चष्मा पुसत म्हणालात, "ते नशीब न्हवतं. मी चुकीचं बोललो." आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी शाबासकी दिली, पण तुमच्या त्या वाक्यानंतर मला कुणाकडून काही हवं राहिलं नाही.

तुम्हाला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. गिरणीही गेली. मी जुळे सोलापुरात एका हॉलमध्ये मुलींना शिकवतो, हे ऐकून तुम्ही काय म्हणाला असता कुणास ठाऊक. त्यातली एक विणकरांच्या घरातली आहे, घरी तेलुगू बोलते, माझ्याशी मराठीत भांडते. ती तुमच्यासारखी अर्धं पाऊल सरकते आणि तिथं पोचल्यावर माझ्यासारखा खांदा लावते. मी तिला दोन्ही शिकवलं खरं, पण दोन्ही एका श्वासात करायचं मी शिकवलेलं नाही, ते तिचं तिनं काढलं. परवा तिनं विचारलं, "सर, तुमच्यात आणि तुमच्या वस्तादांत भारी कोण होतं?" मी म्हणालो, वस्ताद. ती म्हणाली, "तुम्ही असंच म्हणणार." आणि दोरीवरच्या उड्या मारायला निघून गेली.

हे पत्र वैरागला तुमच्या लेकीकडे पाठवावं, तिला बापाबद्दल वाचायला बरं वाटेल, असं ठरवून लिहायला बसलो होतो. आता पाठवणार नाही, कारण खरं काय ते लिहून टाकतो. पहिल्या फेरीत मी वस्तादांचं वय बघून हात राखून खेळलो, असं मी गिरणीत सांगितलं, बायकोला सांगितलं, आजवर सगळ्यांना सांगत आलो. वस्ताद, मी राखून खेळलो नव्हतो. जीव तोडून मारत होतो. एका डोळ्यानिशी तुम्ही मला सापडला नाहीत.